स्वस्त पॉलिशयंत्र आणि गाडीचा रंग

शहरांतील एखाद्या मोठ्या वसाहतीच्या आवारांत सकाळीं सहाच्या सुमारास उभें राहिल्यास एक दृश्य हमखास दिसतें. एक मुलगा बादली व फडकें घेऊन ओळीनें उभ्या असलेल्या मोटारगाड्या पुसत जातो. वीस-पंचवीस गाड्या त्याला आठाच्या आंत संपवावयाच्या असतात. बादलींतील पाणी फार तर एक-दोनदां बदललें जातें, आणि पहिल्या गाडीवरची धूळ त्याच फडक्याबरोबर विसाव्या गाडीपर्यंत प्रवास करते. या धुळींत वाळूचे व सिमेंटचे बारीक कण असतात. असें वर्ष-दोन वर्षें चाललें, म्हणजे एके दिवशीं भर उन्हांत मालकाचें लक्ष गाडीच्या टपाकडे जातें, आणि सूर्याच्या प्रतिबिंबाभोंवतीं कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक, वर्तुळाकार ओरखडे त्याच्या दृष्टीस पडतात. गाडी काळी किंवा गर्द निळी असेल तर हें जाळें अधिकच ठळकपणें दिसतें.

येथून पॉलिशचा विचार सुरू होतो. कारखान्यांत चौकशी करावी तर कित्येक हजारांचा आंकडा सांगितला जातो. आणि तेवढ्याच पैशांत, किंबहुना त्याहूनहि कमी पैशांत, पॉलिश करण्याचें विजेचें यंत्रच विकत मिळतें अशी माहिती कोणी तरी पुरवितो. तीन-चार हजार रुपयांचें यंत्र एकदां घेतलें कीं जन्माची सोय झाली, असा हिशेब मग घरांत मांडला जातो. नामांकित कंपनीच्या यंत्रास याच्या चार-पांच पट किंमत पडते. दोन्हीं यंत्रें दिसावयास सारखीं, दोन्हींवर वॅटचे आंकडे सारखेच. मग अधिक पैसे कशाला मोजावयाचे? हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचें उत्तर वाटतें तितकें सरळ नाहीं.

हें उत्तर शोधण्यापूर्वीं ज्यावर हें यंत्र चालावयाचें तो रंग कसा असतो हें पाहणें अवश्य आहे. आजच्या गाडीवरील रंग हा एकच थर नव्हे. पत्र्यावर प्रथम गंज रोखणारा लेप विजेच्या साहाय्यानें बसविलेला असतो. त्यावर अस्तर, अस्तरावर प्रत्यक्ष रंग, आणि सर्वांच्या वर एक पारदर्शक थर. या सर्वांची मिळून जाडी सामान्यतः १०० ते १५० मायक्रॉन भरते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. गाडीला जी चकाकी दिसते ती वरच्या पारदर्शक थराची. आणि हा थर बहुधा ३५ ते ५० मायक्रॉन, म्हणजे मनुष्याच्या डोक्याच्या केंसाहूनहि पातळ असतो. उन्हापासून खालच्या रंगाचें रक्षण करणारीं द्रव्यें याच थरांत मिसळलेलीं असतात.

पॉलिश केल्यानें ओरखडे भरून निघतात असा पुष्कळांचा समज आहे. वस्तुस्थिति नेमकी उलट आहे. ओरखडा भरून निघत नाहीं. त्याच्या भोंवतालचा पृष्ठभाग ओरखड्याच्या तळापर्यंत खालीं आणला जातो, आणि म्हणून तो दिसेनासा होतो. प्रत्येक पॉलिशबरोबर पारदर्शक थराचे कांहीं मायक्रॉन कायमचे निघून जातात. घरांतील तांब्याचें भांडें कितीहि वेळां घासलें तरी खालीं तांबेंच असतें. गाडीच्या रंगाचें तसें नाहीं. येथें वरचा थर संपला कीं खालीं निराळीच वस्तु लागते, आणि पत्र्यावर फिकट, निस्तेज डाग उमटतो. त्यावर पुन्हां रंग देण्यावांचून दुसरा उपाय उरत नाहीं.

पूर्वीं अशी स्थिति नव्हती. मोटारींच्या आरंभीच्या काळांत रंग व रोगण कुंचल्यानें चढवीत, आणि एक गाडी रंगवून वाळण्यास कित्येक आठवडे लागत. १९२३ मध्यें ड्यूपाँ या अमेरिकन कंपनीनें ‘ड्यूको’ नांवाचा झटपट वाळणारा रंग बाजारांत आणला, आणि हा काळ कित्येक पटींनीं कमी झाला. आपल्याकडील सुतारांच्या बोलण्यांत ड्यूको हें नांव अद्यापि ऐकूं येतें तें यामुळेंच. हा रंग वाळल्यावर घासून त्याला चकाकी आणावी लागे. पुढें १९८० नंतरच्या दशकांत पारदर्शक थराची पद्धति जगभर पसरली. आपल्याकडच्या जुन्या अँबॅसडर किंवा प्रीमियर पद्मिनी गाडीला पॉलिश करतांना फडक्यावर गाडीचाच रंग उतरे, कारण वरपासून खालपर्यंत तोच रंग असे. त्या गाड्यांवर हात बसलेल्या कारागिराला जोर लावून घासण्याची संवय होती व ती त्या गाडीस मानवतहि असे. आजच्या गाडीस ती मानवत नाहीं. आपल्या गाडीवर पारदर्शक थर आहे किंवा नाहीं याची शंका असल्यास एखाद्या आडबाजूस पांढऱ्या फडक्यानें थोडें पॉलिश चोळून पाहावें. फडक्यावर रंग उतरला तर वर पारदर्शक थर नाहीं असें समजावें.

आतां यंत्राकडे वळूं. रोटरी पॉलिशर या नांवानें जें यंत्र मिळतें त्याची रचना साधी असते. विजेची मोटर, तिचा वेग कमी करून दिशा काटकोनांत वळविणारी दांतेरी चाकांची जोडी, आणि शेवटीं फिरणारी तबकडी. या तबकडीवर लोकरीचें किंवा फोमचें पॅड बसवितात. पॅड एकाच मध्याभोंवतीं, एकाच दिशेनें, अखंड फिरतें. यामुळें हें यंत्र झपाट्यानें काम करतें, आणि यामुळेंच तें धोक्याचेंहि आहे.

अंकगणितानें हें चटकन् पटेल. पॅडचा व्यास १८० मिलिमीटर असेल आणि तें मिनिटास ६०० फेरे घेत असेल, तर त्याची कड ताशीं सुमारें २० किलोमीटर वेगानें रंगावरून धांवते. हेच फेरे ३,००० झाले कीं कडेचा वेग ताशीं १०० किलोमीटरच्या वर जातो. गिरणींतून नुकतेंच दळून आणलेलें पीठ हाताला गरम लागतें. सावकाश ओढलेल्या घरच्या जात्याचें पीठ तसें लागत नाहीं. घर्षणाचा हाच न्याय येथें लागू पडतो. पॅड जलद फिरलें, एका जागीं रेंगाळलें किंवा जोरानें दाबलें गेलें, कीं उष्णता सांचते, पारदर्शक थर मऊ पडतो आणि सोलपटून निघतो. पत्र्यावर ही उष्णता निदान पसरूं शकते. बंपर प्लास्टिकचा असतो. त्यावर ती जागच्या जागीं कोंडते, आणि तेथें रंग जळण्यास फार थोडा वेळ पुरतो.

यावरून स्वस्त यंत्राच्या विश्वसनीयतेचा खरा अर्थ ध्यानांत येईल. साधारणतः यंत्र विश्वसनीय आहे काय, या प्रश्नाचा अर्थ तें लवकर बिघडेल काय, एवढाच घेतला जातो. परंतु पॉलिशयंत्राच्या बाबतींत याहून महत्त्वाचा प्रश्न असा कीं, तें चालूं असतांना सांगितलेला वेग पाळतें काय? बंद पडलेलें यंत्र मालकाचे तीन-चार हजार रुपये बुडवितें. चालूं असलेलें, पण मनास येईल त्या वेगानें फिरणारें यंत्र गाडीचा रंग बुडवितें. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, अशी मग गत होते.

चांगल्या यंत्रांत मोटरच्या वेगावर नजर ठेवणारी व्यवस्था असते. हातानें थोडें दाबल्यावर वेग घटूं लागला तर ती वीज वाढविते, दाब कमी झाला तर वीज आंखडती घेते; त्यामुळें पॅड एकसारखें फिरत राहतें. स्वस्त यंत्रांत पुष्कळदां ही व्यवस्था नसते. दाबलें कीं यंत्र मंदावतें. मंदावलें म्हणून माणूस वेगाचें चाक पुढें सरकवितो. इतक्यांत हात किंचित् उचलला जातो, आणि मोकळें झालेलें पॅड एकदम उसळून फिरतें. नेमकें त्या क्षणीं तें दाराच्या कंगोऱ्यावर असेल, तर व्हावयाचें तें नुकसान होऊन जातें.

दुसरा दोष आरंभाच्या धक्क्याचा. कांहीं यंत्रें कळ दाबतांच पूर्ण वेग घेतात; हाताला हिसका बसतो आणि कंपाउंडचे शिंतोडे भिंतीपर्यंत उडतात. तिसरा दोष असा कीं, वेगाच्या चाकावर १ ते ६ असे आंकडे असतात, पण १ म्हणजे किती फेरे याचा नेम नसतो. कांहीं यंत्रांचा सर्वांत कमी वेगच नवशिक्याच्या दृष्टीनें फार असतो. वॅटच्या आंकड्यावरूनहि फसगत होते. तो आंकडा यंत्र किती वीज घेतें हें सांगतो. पॅडपर्यंत किती शक्ति पोंचते हें सांगत नाहीं. आणि लोखंड कापण्याच्या ग्राइंडरवर पॉलिशचें पॅड बसवून काम भागविण्याचा जो प्रघात आहे, तो तर सर्वथा वर्ज्य समजावा. लहान ग्राइंडर मिनिटास ११,००० फेरे घेतो. १०० मिलिमीटरच्या पॅडची कड त्यावर ताशीं २०० किलोमीटरहून अधिक वेगानें धांवते. रंगाचें तर राहोच. पॅड सुटून उडाल्यास मनुष्याच्या डोळ्यावर बेतावयाचें.

वेगाची परीक्षा घरच्या घरीं करतां येते. पॅडच्या कडेस खडूनें एक ठळक खूण करावी आणि यंत्र फिरत असतांना खिशांतील मोबाइलवर संथगतीचें चित्रण घ्यावें. पुष्कळ मोबाइल सेकंदास २४० चित्रें टिपतात. मिनिटास ६०० फेरे म्हणजे सेकंदास १०; तेव्हां खूण एक फेरा पुरा करून मूळ जागीं येईपर्यंत २४ चित्रें मोजलीं गेलीं पाहिजेत. १४-१५ चित्रें भरलीं तर वेग १,००० च्या आसपास आहे. पांचच भरलीं तर तो ३,००० च्या जवळ आहे. हेंच चित्रण दुसऱ्यांदा घेतांना भंगारांतून आणलेल्या जुन्या पत्र्यावर कंपाउंड लावून पॅड टेकवावें. मोकळें असतांनाचा वेग व टेकविल्यानंतरचा वेग यांत जितकें अंतर कमी, तितकें यंत्र भरंवशाचें. हें अंतर निम्म्याहून अधिक पडत असेल, तर तें यंत्र गाडीजवळ न नेणेंच शहाणपणाचें.

पॅड सरळ फिरतें किंवा नाहीं हेंहि पाहावें. फिरत्या पॅडच्या कडेजवळ, न टेकवितां, एक पेन्सिल स्थिर धरावी. कड व पेन्सिल यांमधील फट सारखी राहिली तर ठीक. ती लहान-मोठी होत असेल तर तबकडी वांकडी आहे किंवा पॅड मध्यावर बसलेलें नाहीं. पॅड काढून नीट बसविल्यावरहि दोष राहिला तर यंत्र परत करावें. असें यंत्र दहा मिनिटांत हाताला मुंग्या आणतें, आणि मुंग्या आलेल्या हातास दाबाचा अंदाज राहत नाहीं.

आतां टिकाऊपणाविषयीं. या यंत्रांत प्रथम झिजतात ते कार्बन ब्रश. फिरत्या आर्मेचरला वीज पोंचविणारे हे कार्बनचे दोन लहान तुकडे झिजण्यासाठींच असतात. त्यांच्या झिजण्यास बिघाड म्हणतां येत नाहीं. बाहेरून झांकण काढून ते बदलतां येतात कीं त्यासाठीं सर्व यंत्र खोलावें लागतें, हें विकत घेतांनाच पाहावें, व एक जोडी जास्त मागून ठेवावी. फटींतून बारीक ठिणग्या दिसल्या तर भिण्याचें कारण नाहीं. आर्मेचरभोंवतीं ठिणग्यांचें सबंध कडेंच दिसूं लागलें तर मात्र यंत्र ताबडतोब थांबवावें. त्यानंतरचे कच्चे दुवे म्हणजे वेग नियंत्रित करणारा विजेचा भाग, बेअरिंग, आणि ग्रीस कमी भरल्यामुळें किंचाळूं लागणारीं दांतेरी चाकें. लोकरीचे तंतु व कंपाउंडची वाळलेली भुकटी हवेच्या झरोक्यांतून आंत शिरते व मोटरचा श्वास कोंडते. काम संपल्यावर झरोके फुंकून स्वच्छ केले तर यंत्राचें आयुष्य निश्चित वाढतें. एकाच घडणीचें यंत्र बाजारांत निरनिराळ्या नांवांनीं विकलें जातें. म्हणून सुटे भाग कोठें मिळतील हें दुकानदारास आधींच विचारावें, आणि हमी तोंडी न घेतां पावतीवर लिहून घ्यावी.

येथें एक गोष्ट न्यायबुद्धीनें मान्य केली पाहिजे. स्वस्त यंत्र सरसकट वाईट, हें म्हणणें खरें नव्हे. विश्वसनीयता हा केवळ यंत्राच्या अंगचा गुण नाहीं. यंत्र आणि त्याला दिलेलें काम यांमधील तें नातें आहे. डेंटिंग-पेंटिंगच्या कारखान्यांत दिवसाचे सहा-सात तास चालणाऱ्या यंत्राला जी कणखरता लागते, ती वर्षांतून दोनदां गाडी उजळणाऱ्या कुटुंबास लागत नाहीं. जें यंत्र कारखान्यांत लवकरच दम टाकील, तेंच घरीं कित्येक वर्षें पुरूं शकेल. मात्र दर पंधरा-वीस मिनिटांनीं त्यास विश्रांति द्यावी, आणि दांतेरी चाकांवरचें आवरण हाताला न सोसण्याइतकें तापूं देऊं नये. ज्याचें पोट या यंत्रावर आहे त्या कारागिरानें महाग यंत्र घ्यावें यांत त्याचाच लाभ आहे. घरगुती मनुष्यानें किमतीपेक्षां वेगाच्या परीक्षेकडे अधिक लक्ष द्यावें. ती परीक्षा उतरलेलें तीन हजारांचें यंत्र त्यास पुरेसें आहे. न उतरलेलें फुकट मिळालें तरी महाग आहे.

ज्याचा हात अजून बसलेला नाहीं त्यानें आणखी एका यंत्राचा विचार करावा. त्यास ड्युअल अॅक्शन असें म्हणतात. यांत पॅड स्वतःभोंवतीं फिरतांना लहानशा कक्षेंतहि डोलत असतें, आणि फार दाबल्यास त्याचें फिरणें बहुधा थांबतें. याचें काम सावकाश होतें, परंतु रंग जाळणें त्यास सहजासहजीं साधत नाहीं. रोटरी यंत्र जें अर्ध्या तासांत करील त्यास येथें अधिक वेळ जाईल. पण रविवारच्या सुट्टींत घाई कोणास असते?

रोटरी यंत्रच वापरावयाचें असेल तर कांहीं नियम कटाक्षानें पाळावे. गाडी प्रथम भरपूर पाण्यानें धुऊन कोरडी करावी. धूळ राहिली तर यंत्र तीच धूळ रंगावर घांसील. उन्हांत किंवा तापलेल्या पत्र्यावर काम करूं नये. दारांचे कंगोरे, बॉनेटच्या उंच कडा, रबराच्या पट्ट्या यांवर चिकटपट्टी लावावी, कारण उंचवट्यावर रंग मुळांतच पातळ असतो व दाबहि तेथेंच एकवटतो. कंपाउंड थोडें घ्यावें, यंत्र बंद असतांनाच पॅडनें तें हातभर चौकोनांत पसरावें, आणि मगच कळ दाबावी. आरंभ ६०० फेऱ्यांनीं करावा आणि नवशिक्यानें १,५०० च्या पुढें जाऊं नये. यंत्राच्या स्वतःच्या भाराहून निराळा जोर लावण्याची गरज नाहीं. पॅड सतत सरकत ठेवावें. तें शक्य तितकें सपाट टेकवावें, कडेवर उभें करूं नये. मधून मधून पत्र्यास हात लावून पाहावा. कोंबट लागला तर ठीक, हात ठेववेना असें झालें तर थांबावें. वायर खांद्यावरून पाठीमागें सोडावी, डोळ्यांवर चष्मा असावा, सैल बाह्या व पदर आंवरलेले असावे. जमीन ओली असतां यंत्र चालवूं नये, आणि वीजगळती होतांच प्रवाह तोडणारी ईएलसीबी ही कळ घरच्या जोडणींत आहे याची खात्री करून घ्यावी.

पहिला प्रयोग गाडीवर करणें म्हणजे पोहण्याचा पहिला धडा पुराच्या पाण्यांत घेणें होय. भंगारवाल्याकडे जुन्या गाडीचें दार किंवा बॉनेट थोड्या पैशांत मिळतें. त्यावर मुद्दाम एका कोपऱ्यांतील रंग जाळून पाहावा. किती वेळांत जळतो, जळण्यापूर्वीं वास कसा येतो, पॅड कसें चिकटूं लागतें, हें एकदां डोळ्यांनीं पाहिलें म्हणजे हात आपोआप सावध होतो. एवढी किंमत मोजण्याची तयारी नसेल, तर गाडी जाणत्या कारागिराकडे सोंपविणेंच स्वस्त पडेल.

काम संपल्यावरचा आनंदहि थोडा आवरावा लागतो. कंपाउंडांतील तेलकटपणामुळें उरलेले बारीक ओरखडे तात्पुरते झांकले जातात. दोन-तीन धुण्यांनंतर ते पुन्हां दिसूं लागतात. रोटरी यंत्राच्या फिरण्याचे धनुष्याकृति पट्टेहि असेच मागाहून उन्हांत प्रकट होतात. म्हणून शेवटचा हात मऊ फोम व बारीक पॉलिश घेऊन, कमींत कमी वेगानें फिरवावा, पृष्ठभाग स्वच्छ पुसून घ्यावा आणि नंतर उन्हांत किंवा बॅटरीच्या झोतांत पाहावें. तरीहि एखादा खोल ओरखडा दिसत राहिला तर राहूं द्यावा. त्याच्या तळापर्यंत पोंचावयाचें म्हणजे भोंवतालचा सर्व थर तितका खरवडावयाचा. अति तेथें माती ही म्हण या कामीं अक्षरशः खरी ठरते.

आणि इतकें सर्व केल्यावर दुसऱ्या दिवशीं सकाळीं सहा वाजतां तोच मुलगा तीच बादली घेऊन आला, तर दोन वर्षांत तेंच जाळें पुन्हां उमटणार आहे, आणि तें काढण्यास वरचा थर मात्र पूर्वींइतका उरलेला नसेल. दोष त्या मुलाचा नव्हे. पंचवीस गाड्यांना एक बादली पाणी व एक फडकें, हा हिशेब त्यानें एकट्यानें ठरविलेला नाहीं. मालकानें स्वतःच्या गाडीसाठीं दोन मऊ, धुतलेलीं फडकीं त्याच्या हातीं द्यावीं, आधीं पाणी ओतून धूळ वाहूं द्यावी आणि मगच पुसावें एवढें सांगावें, व या जास्त श्रमाबद्दल महिन्यास कांहीं रुपये अधिक द्यावे. या व्यवस्थेनें जुने ओरखडे जाणार नाहींत. नवे मात्र पुष्कळच कमी पडतील, आणि कपाटांतील यंत्र, तें स्वस्त असो वा महाग, क्वचितच बाहेर काढावें लागेल.